पत्रावर 'असिस्टंट मॅनेजर' लिहिलंय. मग कामगार कायदा माझ्यासाठी नाही का?

तुमची हकीकत आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही डिप्लोमा इंजिनिअर. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आठ वर्षे मेंटेनन्समध्ये काढलीत. टेक्निशियन म्हणून लागलात, दोन बढत्यांनंतर पत्रावर 'असिस्टंट मॅनेजर, मेंटेनन्स' आलं, एकूण पगार 46 हजारांवर गेला. गेल्या महिन्यात 'पुनर्रचनेत आपले पद रद्द झाले आहे' असं पत्र आणि एक महिन्याचा पगार देऊन तुम्हाला मोकळं केलं. एचआर म्हणतं, तुम्ही मॅनेजमेंट स्टाफ, लेबर कोर्ट तुमच्यासाठी नाही. मित्र म्हणतो, पगार 18 हजारांच्या वर गेला की माणूस कामगार राहतच नाही. आणि तुम्ही विचारताय की लढण्यात काही अर्थ आहे का.

तुमचा खरा प्रश्न 'काढणं योग्य की अयोग्य' हा नाहीच. त्याच्या आधीचा एक प्रश्न सुटायला हवा: कायद्याच्या नजरेत तुम्ही 'कामगार' आहात का? ते ठरलं तर पुढचं प्रकरण तुमच्या बाजूने बरंच सोपं आहे. ते ठरलं नाही तर तुमच्यावर कितीही अन्याय झाला असला तरी कामगार न्यायालय त्यात शिरणार नाही. कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला लेखी कैफियतीत 'हा इसम कामगार नाही' असं वाक्य टाकतो ते त्यामुळेच. बहुतेक सगळी लढाई त्या एका वाक्याभोवती होते.

एचआरचं म्हणणं कायद्याला धरून नाही. मित्राचं अर्धवट खरं आहे, आणि अर्धवट खरं जास्त नुकसान करतं, म्हणून आधी तेच घेतो.

21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता, 2020 लागू झाली आणि 1947 चा औद्योगिक विवाद कायदा गेला. तुमची नोकरी त्यानंतर गेली, म्हणून तुम्हाला संहिता लागू. पण कामगाराची व्याख्या बहुतांशी जुन्या कायद्यातल्या कलम 2(एस) सारखीच आहे, त्यामुळे सर्वोच्च न्यायालयाचे जुने निवाडे आजही वाट दाखवतात. व्याख्या म्हणते की अंगमेहनतीचं, अकुशल, कुशल, तांत्रिक, प्रत्यक्ष चालवण्याचं, कारकुनी किंवा पर्यवेक्षणाचं काम मोबदल्यासाठी करणारी व्यक्ती म्हणजे कामगार. मग ती काही जणांना वगळते. लष्कर-पोलीस वगैरे सोडले तर आपल्या कामाचे दोन गट उरतात. एक, मुख्यतः व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय हुद्द्यावर काम करणारे. हे पगार कितीही असला तरी बाहेर. दुसरा, पर्यवेक्षणाच्या हुद्द्यावर असून महिना 18 हजारांपेक्षा जास्त वेतन घेणारे.

आता नीट बघा, 18 हजारांची अट फक्त पर्यवेक्षकाला आहे. तांत्रिक किंवा कुशल काम करणाऱ्याला पगाराची मर्यादाच नाही. मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाचा पगार 46 हजार असो नाहीतर 90 हजार, तो दुरुस्तीच करत असेल तर कामगारच. ही पर्यवेक्षकाची मर्यादा पूर्वी 500 रुपये होती, 1984 मध्ये 1,600 झाली, 2010 मध्ये 10 हजार आणि आता 18 हजार. प्रत्येक वेळी ती इतकी उशिरा वाढली की 'पर्यवेक्षक' ठरलेला जवळजवळ प्रत्येक जण बाहेरच राहिला. माझ्या मते हा कायद्याचा मोठा दोष आहे. बारा तासांची शिफ्ट काढणारा लाइन सुपरवायझर मालकाच्या ताकदीचा नसतो, त्यालाही संरक्षण हवं. पण आज कायदा असा आहे, आणि तुम्हाला त्यातूनच वाट काढायची आहे.

तुमच्या बाबतीत 18 हजारांच्या खाली जाण्याची आशा धरू नका. संहितेत 'वेतन' म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्ता, घरभाडं-प्रवासभत्ता त्यात नाही, हे खरं. पण असे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग पुन्हा वेतनात धरतात. 46 हजारांवर ढोबळमानाने 23 हजार तरी वेतन धरलं जाईल. म्हणजे 'पर्यवेक्षक' हा शिक्का बसला की तुम्ही बाहेर. तुमचं सगळं प्रकरण तुमचं काम तांत्रिक होतं की पर्यवेक्षणाचं, यावर उभं आहे.

हुद्द्याच्या नावाला न्यायालय फारसं महत्त्व देत नाही. कॅरोना साहू कंपनीच्या दुकानाच्या मॅनेजरच्या प्रकरणात 1994 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: नाव बघू नका, काम बघा. तो मॅनेजर मात्र हरला, कारण दुकानाचा कारभार खरोखरच त्याच्या हातात होता. हे मुद्दाम सांगतोय. 'हुद्दा महत्त्वाचा नाही' हे वाक्य दोन्ही बाजूंना लागू पडतं. नाव मोठं असून काम साधं असेल तर तुम्ही कामगार, आणि नाव साधं असून काम अधिकाराचं असेल तर नाही.

माणूस एकाच प्रकारचं काम कधीच करत नाही. तुम्ही मोटर उघडता, बेअरिंग बदलता, मग रजिस्टर भरता, हेल्परला 'हे धर' म्हणता, स्टोअरला इंडेंट म्हणजे मागणीपत्र पाठवता आणि संध्याकाळी मीटिंगला बसता. यातलं कुठलं काम मोजायचं? 1985 च्या सिबा गायगीच्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुख्य, मूळ काम कोणतं ते आधी शोधा. सोबत चिकटलेल्या किरकोळ कामांवरून दर्जा बदलत नाही. आनंदबझार पत्रिकेच्या त्याआधीच्या प्रकरणातही हाच धागा आहे: मुख्यतः कारकुनी करणाऱ्याने खालच्या दोघा-तिघांना कामं वाटून दिली म्हणून तो पर्यवेक्षक होत नाही, आणि मुख्यतः पर्यवेक्षण करणाऱ्याने थोडी कारकुनी केली म्हणून तो कारकून होत नाही.

पर्यवेक्षण म्हणजे काय, इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. वस्तूवर, यंत्रावर किंवा कागदावर देखरेख ठेवणं म्हणजे पर्यवेक्षण नव्हे. माणसांवर देखरेख हवी, आणि ती नुसती सूचना देण्यापुरती नको, तिला अधिकाराची धार हवी. नॅशनल इंजिनिअरिंग इंडस्ट्रीज विरुद्ध किशन भगेरिया या 1988 च्या प्रकरणात माणूस इंटर्नल ऑडिटर होता. तो तपासायचा, चुका काढायचा, वर अहवाल द्यायचा. न्यायालयाने म्हटलं, मालकाच्या वतीने तपासतो पण स्वतः निर्णय घेण्याचा अधिकार नाही, तर तो पर्यवेक्षक नाही. 1984 मध्ये डेल्टन केबल्सचा एक सिक्युरिटी इन्स्पेक्टर कामगार ठरला, कारण त्याला कुणाला नेमण्याचा किंवा शिस्तभंगाची कारवाई करण्याचा अधिकार नव्हता. आणि तुमच्या प्रकरणाच्या सगळ्यात जवळचा म्हणजे 2006 चा आणंदच्या तेलबिया उत्पादक संघाचा निवाडा. तिथला माणूस क्वालिटी कंट्रोलमध्ये 'असिस्टंट एक्झिक्युटिव्ह' होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याला कामगार मानलं: एखाद्या विभागाचा इनचार्ज असणं एवढ्याने पर्यवेक्षण होत नाही, हाताखाली माणसं हवीत आणि त्यांच्यावर नियंत्रण हवं.

दुसरी बाजूही लक्षात ठेवा. 2024 मध्ये लेनिन कुमार रे यांच्या प्रकरणात एका वृत्तपत्र कंपनीतल्या असिस्टंट इंजिनिअरचं काम पर्यवेक्षणाचं ठरलं, पगार त्या वेळच्या 1,600 च्या मर्यादेपेक्षा जास्त होता, आणि तो कामगार नाही असा निर्णय झाला. 'इंजिनिअर आहे म्हणजे तांत्रिक, म्हणजे कामगार' अशी सरळ रेघ ओढता येत नाही.

व्यवस्थापकीय काम याच्याही एक पायरी वर असतं. मी पक्षकाराला पहिल्या भेटीत विचारतो, 'तुमच्या सहीने कंपनी बांधली जाते का?' तुम्ही पर्चेस ऑर्डरवर सही केलीत तर पुरवठादाराला पैसे मिळतात का? तुम्ही एखाद्याला नोकरीवर घेऊ किंवा काढू शकता का? कारणे दाखवा नोटीस तुमच्या सहीने जाते का? तुम्ही पगारवाढ ठरवता, की फक्त शेरा लिहून वर पाठवता? यातलं काही खरोखर तुमच्या हातात असेल तर लेबर कोर्टाचा नाद सोडलेला बरा. रजेच्या अर्जावर 'शिफारस' म्हणून केलेली सही आणि 'मंजूर' म्हणून केलेली सही यातही मोठं अंतर आहे. दोन्ही सह्या कागदावर सारख्याच दिसतात, उलटतपासणीत मात्र त्यावरच तासभर जातो.

आणखी एक खड्डा आहे, तो वकिलांच्याही नजरेतून सुटतो. 'मी मॅनेजर नाही' एवढं सिद्ध करून भागत नाही. व्याख्येतल्या कामाच्या प्रकारांपैकी एखाद्यात तुम्ही बसायला हवं. 1994 मध्ये अद्यंथया विरुद्ध सँडोज या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे पक्कं केलं आणि औषध कंपन्यांचे प्रतिनिधी त्यात हरले. गोव्यातल्या एका शिक्षिकेचं 1988 चं सुंदरांबळ प्रकरणही असंच: शाळा हा उद्योग, पण शिकवणं हे ना कुशल अंगमेहनत, ना कारकुनी, म्हणून शिक्षिका कामगार नाही. विक्री प्रतिनिधींना नव्या संहितेने व्याख्येत घेतलं आहे, शिक्षकांना नाही. तुम्हाला ही अडचण येणार नाही, कारण मेंटेनन्स हे उघडपणे तांत्रिक आणि कुशल काम आहे. पण अर्जात ते स्पष्ट लिहा: 'अर्जदार मुख्यतः तांत्रिक व कुशल काम करीत होता', आणि पुढे ते काम एकेक करून सांगा.

आता तुमच्याकडे येऊ. तुम्ही लिहिलंय की तुमच्या हाताखाली दोन हेल्पर होते, दोघेही कंत्राटदाराचे. त्यांची हजेरी कंत्राटदाराचा माणूस घ्यायचा, रजा त्याच्याकडे, पगार त्याच्याकडून. ब्रेकडाउन आला की फोन तुम्हाला यायचा आणि पाना तुमच्याच हातात असायचा. स्पेअर पार्ट मागवायचे तर प्लांट हेडची मंजुरी लागायची. हे असंच असेल आणि सिद्ध झालं, तर माझ्या मते तुम्ही कामगार ठरण्याची शक्यता चांगली आहे. 'असेल तर' हा शब्द जपून वापरतोय. एक गोष्ट तुम्ही सांगितलेली नाही: शेवटच्या बढतीनंतर शिफ्टमधल्या कंपनीच्या कायम टेक्निशियनना कामं तुम्ही वाटून द्यायचात का, त्यांच्या ओव्हरटाइमला मंजुरी तुमची होती का, त्यांच्या वार्षिक मूल्यमापनात तुमचे गुण धरले जायचे का? उत्तर हो असेल तर पारडं कंपनीच्या बाजूने झुकतं. दर्जा ठरतो तो नोकरी गेली त्या वेळच्या कामावरून. आठ वर्षांपूर्वी टेक्निशियन होतात याचा फार उपयोग नाही.

पुरावा हा माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा विषय आहे, कारण आपण कामगार आहोत हे दाखवण्याची जबाबदारी सुरुवातीला तुमच्यावर असते. कंपनी नेमणूकपत्र, बढतीचं पत्र आणि छापील जॉब डिस्क्रिप्शन आणेल. त्यात 'टीमचे नेतृत्व', 'संसाधनांचे नियोजन' असे भारदस्त शब्द असतील. त्याला तोंड द्यायला रोजच्या कामाचे मळकट कागद लागतात: ब्रेकडाउन स्लिपा, जॉब कार्ड, प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सची चेकलिस्ट, शिफ्ट हँडओव्हर रजिस्टर, रात्री दोन वाजता 'प्रेस नंबर चार बंद आहे, लवकर या' असा आलेला व्हॉट्सॲप मेसेज. त्या ग्रुपमधून बाहेर पडू नका, फोन विकू नका, मेसेज पुसू नका. इलेक्ट्रॉनिक पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, म्हणून मूळ फोन जपून ठेवा.

पण कंपनीचे गोपनीय कागद, ड्रॉइंग, सर्व्हरवरची फाइल गुपचूप उचलून आणू नका. त्याने प्रकरण उलटं फिरतं, मूळ विषय बाजूला राहून चोरीचा आरोप मध्ये येतो. रजिस्टर कंपनीकडे आहे एवढं तुम्हाला माहीत असलं तरी पुरतं. न्यायालयाकडे अर्ज करून ते हजर करायला लावता येतं, आणि कंपनीने हजर केलं नाही तर न्यायालय तिच्याविरुद्ध अनुमान काढू शकतं.

आजच घरी बसून एक काम करा. नोकरीच्या शेवटच्या वर्षातला एक नेहमीचा दिवस गेटमधून आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत तासातासाने लिहून काढा. जे करत नव्हतात ते रंगवू नका आणि जे करत होतात ते लपवू नका. 'मी कुणालाच कधी काही सांगितलं नाही' असं म्हणणारा साक्षीदार दहा मिनिटांत अडकतो. 'हो, हेल्परला सांगायचो, कारण मोटर एकट्याने उचलत नाही' असं म्हणणाऱ्यावर न्यायाधीशांचा विश्वास बसतो.

कामगार ठरलात तर मिळेल काय? पद रद्द करून काढणं ही कपात. कपातीत एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार तर हवाच, शिवाय पूर्ण केलेल्या दर वर्षामागे 15 दिवसांचं सरासरी वेतन द्यावं लागतं. तुमच्या आठ वर्षांचे 120 दिवस होतात, ते तुम्हाला दिलेलेच नाहीत. सरकारला कळवणंही बंधनकारक आहे. वरची भरपाई दिली नाही एवढ्यानेच कपात मोडू शकते. नव्या संहितेत कामगाराच्या पुनर्कौशल्य निधीत मालकाने 15 दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम भरण्याचीही तरतूद आहे. पुन्हा कामावर घेण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं, पण अलीकडे अनेकदा त्याऐवजी एकरकमी भरपाई मिळते, हे मनात धरून चला.

वेळ किती आहे? जुन्या कायद्यात थेट न्यायालयात जायला तीन वर्षं होती. संहितेत सरकारी समेट अधिकाऱ्यापुढच्या कार्यवाहीसाठी दोन वर्षांची मर्यादा आहे. समेट फसला की त्या अधिकाऱ्याचा अहवाल मिळाल्यापासून 90 दिवसांत न्यायाधिकरणाकडे, म्हणजे नव्या संहितेत कामगार न्यायालयाची जागा घेणाऱ्या यंत्रणेकडे, अर्ज करायचा. सध्या जुन्याकडून नव्याकडे जाण्याचा काळ आहे, म्हणून अर्ज नेमका कुठे द्यायचा ते पुण्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात विचारून घ्या. दोन वर्षं आहेत म्हणून थांबू मात्र नका. सहकारी कंपनी सोडतात, रजिस्टरं बदलतात, माणसं विसरतात.

कंपनी बहुधा मागणी करेल की 'कामगार आहे की नाही' हा मुद्दा आधी स्वतंत्रपणे निकाली काढा. त्याला विरोध करा. 1983 च्या डी. पी. माहेश्वरी यांच्या प्रकरणात एका कर्मचाऱ्याची दहा वर्षांहून अधिक या एकाच प्राथमिक मुद्द्यावर गेली, आणि सर्वोच्च न्यायालयाने असे मुद्दे सुटे काढून कामगाराला दमवण्यावर कडक शब्दांत नाराजी नोंदवली. सगळे मुद्दे एकत्र चालवा, असंच तिथे सांगितलंय.

आणि समजा, वरच्या प्रश्नांची उत्तरं प्रामाणिकपणे दिल्यावर तुम्ही पर्यवेक्षक किंवा व्यवस्थापक निघालात तर? तेव्हा करार हाच कायदा. दिवाणी न्यायालय खासगी नोकरी परत देत नाही, भरपाई देतं, आणि ती बहुधा नोटीस काळाच्या पगाराइतकीच असते. त्यामुळे नेमणूकपत्रातला नोटिशीचा कालावधी बघा. तिथे तीन महिने लिहिले असतील आणि तुम्हाला एकच मिळाला असेल, तर उरलेले दोन मागता येतात. दिवाणी दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. आधी चुकीच्या न्यायालयात सद्भावनेने घालवलेला काळ वगळून मिळू शकतो, पण त्या भरवशावर राहू नका.

काही हक्कांना कामगार असण्याची अटच नाही. ग्रॅच्युइटी मॅनेजरलाही मिळते. तुमची पाच वर्षं कधीच झाली आहेत. वेतन संहितेत 'कर्मचारी' या शब्दात पर्यवेक्षक आणि व्यवस्थापकही येतात, आणि नोकरी संपल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत थकलेलं वेतन द्यावं लागतं. भविष्य निर्वाह निधीलाही कामगार असण्याची अट नाही. या रकमा अडवून एचआर तुमच्याकडून 'माझी काही तक्रार नाही' असं लिहून घेऊ पाहत असेल, तर ते बेकायदा आहे. पैसे घ्या, पण फुल अँड फायनलच्या कागदावर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा: 'माझे कायदेशीर हक्क राखून, हरकतीसह स्वीकारले.' तसं लिहू देत नसतील तर सही करू नका. त्याच दिवशी ईमेलने कळवा की रक्कम स्वीकारायला तयार आहे, तक्रार सोडायला नाही. आणि राजीनाम्याचं पत्र पुढे केलं, अनुभवाच्या दाखल्याचं आमिष दाखवलं, तरी राजीनामा लिहून देऊ नका. स्वेच्छेने गेलेल्या माणसाची कपात होत नाही, आणि मग वर लिहिलेल्यातलं फारसं काही तुमच्या उपयोगाचं राहणार नाही.